नाशिकच्या अंबडमधे मागच्या ॲक्सलचं सेटिंग करून घेतलं, पाचपैकी चार स्टार

घरी बनवलेल्या टू सीटर गाडीचं मागचं ॲक्सल (दोन्ही मागची चाकं धरणारा आडवा कणा) एकदाचं सरळ झालं म्हणून लिहितोय. गाडी म्हणजे काय, चौकोनी पाइपची चासी आणि त्यात भंगारातल्या ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचं ॲक्सल. ७९६ सीसी आहे, हसा. रस्त्यावर काढायची परवानगी नाही, दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेतल्या कच्च्या वाटेवर फिरवतो तेवढीच हौस.

ओम्नीला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) असतात आणि ते एकटेच सगळं सांभाळतात, वजनही पेलतात आणि ॲक्सलला पुढेमागे आडवंतिडवं हलूही देत नाहीत. मी शहाणपणा करून पाटे काढले, कॉइल स्प्रिंगा टाकल्या, म्हणजे ॲक्सल धरून ठेवायचं काम चार लिंक (ॲक्सल चासीला जोडणारे उभे दांडे, पुढेमागे हलू न देणारे) आणि एका पॅनहार्ड रॉडवर (आडवा दांडा, बाजूला सरकू न देणारा) आलं. आधी एकाकडून (नाव नको) ब्रॅकेटं मारून घेतली, त्याने गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळतायत तशीच वेल्डिंग केली. खाली उतरवल्यावर ९०० मिमीचा पॅनहार्ड रॉड एका टोकाला १०० मिमी खाली. खड्ड्यात ५० मिमी हालचाल झाली की ॲक्सल ७ मिमी बाजूला जायचं, ढुंगण झटकल्यासारखं. शिवाय गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायची ते वेगळंच.

मग हे वर्कशॉप मिळालं, गरवारे पॉइंटवरून आत गेलं की. लेथवर बसणारे काकाच सगळं बघतात. पहिली गोष्ट काय केली तर मला सीटवर बसवलं. म्हटलं काका मी कशाला, तर म्हणे "भाऊ, चालवताना तुम्ही आत असणार ना, मग माप पण तुमच्यासकट." दीड तास नुसता बसून. त्यांनी गवंड्याची पाण्याची नळी लावून फरशी तपासली, मागच्या डाव्या चाकाखाली ६ मिमी उतार निघाला, तिथे पत्र्याचे तुकडे सरकवले, मग ओळंबे सोडून खडूने खुणा केल्या आणि टेपने माप घेतलं. ॲक्सलची डावी बाजू ९ मिमी पुढे!

लिंकला एका टोकाला सुलटे, एका टोकाला उलटे आटे, दीड मिमी पिचचे, म्हणजे एका फेऱ्याला लांबी ३ मिमी बदलते. डावीकडे दीड फेरा वाढवला, उजवीकडे दीड कमी केला, आणि खालची लिंक जेवढी फिरवली तेवढीच वरची पण, नाहीतर क्राउनचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) नाक, जिथे गिअरबॉक्सकडून शाफ्ट येतो ते, वरखाली होतं. ते नाक नंतर वेगळं सेट केलं. गिअरबॉक्सचं शेपूट ३ डिग्री खाली म्हणून क्राउन ३ डिग्री वर हवा, पण ॲक्सिलरेटर दाबला की नाक आपोआप अजून उचलतं, म्हणून २ वरच ठेवला. आधी स्पीडला जी थरथर यायची ती याचीच होती, दोन्ही क्रॉसचे (शाफ्टच्या दोन टोकांच्या सांध्यांचे) कोन जुळत नसले की शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला दोनदा झटका देतो. पॅनहार्डचं ब्रॅकेट कापून रॉड आडवा केला, आता तेवढ्याच खड्ड्यात दीड मिमी पण सरकत नाही.

आता तक्रारी. दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले. सगळीकडे रॉड एंड (रबर नसलेले लोखंडी गोळ्याचे सांधे) टाकले, ते कच्च्या वाटेवर टकटक टकटक करतात, वरच्या लिंकला रबर बुश चालले असते हे आधी सांगायला काय जात होतं. साडेअकरा हजार घेतले, मटेरियलसकट, ते मला जास्त नाही वाटले.

एक काम राहिलंय. खालच्या लिंकचं पुढचं टोक अजून मागच्यापेक्षा २० मिमी वर आहे, त्यामुळे वळणावर बॉडी कलली की बाहेरचं चाक मागे सरकतं आणि गाडी मागितल्यापेक्षा जास्त वळते. काकांनी स्वतःहून दाखवलं, पण त्याला चासीवरचं ब्रॅकेट कापावं लागेल, द्राक्षं उतरली की जाणार. कोणी जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर कंपन्यांची कामं येतात आणि आपली गाडी कोपऱ्यात ढकलतात.