थंडरबर्डची आवृत्ती बदलल्यावर दिसेनासे झालेले फोल्डर: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी पुण्यात घरून मुद्रितशोधनाचे काम करते आणि २००८ सालापासूनचा माझा सगळा पत्रव्यवहार थंडरबर्ड या ईमेलच्या कार्यक्रमात साठत आला आहे. प्रत्येक लेखकाचा एक फोल्डर आणि ‘दिवाळी’ या मोठ्या फोल्डरच्या पोटात दर वर्षीच्या अंकांचे वेगळे फोल्डर, अशी त्याची मांडणी आहे. कोणती दुरुस्ती लेखकाने मान्य केली आणि कोणती नाकारली, याचा माझ्याकडे असलेला एकमेव पुरावा म्हणजे ही पत्रे. सप्टेंबर २०२४ मध्ये, दिवाळी अंकांची मुद्रिते रोज येत असताना, नवी आवृत्ती बसवली आणि हे सगळे फोल्डर पडद्यावरून नाहीसे झाले. ते परत कसे मिळाले आणि त्यानंतर नऊ महिने नवी आवृत्ती कशी चालली, हे अशाच अडचणीत सापडलेल्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

आधी घडले ते सांगते. माझ्याकडे १०२ वी आवृत्ती होती, तीही ३२-बिटची, कारण आपोआप अद्ययावत होण्याची सोय मी बंद ठेवली होती. तिच्या जागी मी १२८ वी आवृत्ती ६४-बिटची उतरवून घेतली. पहिल्यांदा उघडताच कार्यक्रमाने नवीन खाते जोडण्याचे पान दाखवले. घाईत मी पत्ता आणि पासवर्ड भरला, आवक पेटीत पत्रे येऊ लागली आणि क्षणभर बरे वाटले. पण ती पत्रे जेमतेम दोन आठवड्यांची होती, आणि डावीकडच्या रकान्यात माझा एकही फोल्डर नव्हता. माझे खाते पॉप पद्धतीचे आहे. या पद्धतीत पत्रे आपल्या संगणकावर उतरतात, आणि थंडरबर्डच्या मूळ मांडणीनुसार सर्व्हरवर ती जास्तीत जास्त चौदा दिवस ठेवली जातात. म्हणजे जुनी पत्रे जगात फक्त माझ्याच संगणकावर होती. ओळखीच्या दुरुस्ती दुकानातून सल्ला मिळाला की डेटा खराब झाला असणार, सगळे पुसून नव्याने बसवू. तो सल्ला मी मानला नाही, याचे समाधान आजही वाटते.

खरे कारण असे होते. २०१९ साली आलेल्या ६८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनसाठी, म्हणजे संगणकावर बसवलेल्या कार्यक्रमाच्या प्रत्येक प्रतीसाठी, स्वतंत्र प्रोफाइल धरते. प्रोफाइल म्हणजे आपली पत्रे, खात्यांची माहिती, पत्त्यांची वही आणि सगळ्या आवडीनिवडी ज्यात राहतात ते दप्तर. विंडोजमध्ये ३२-बिटचा आणि ६४-बिटचा कार्यक्रम वेगवेगळ्या फोल्डरांत बसतो, त्यामुळे नव्या कार्यक्रमाला स्वतःची ओळख वेगळी वाटते. जुने दप्तर आधीच दुसऱ्या इन्स्टॉलेशनच्या नावावर लागलेले असल्याने तो स्वतःसाठी कोरे दप्तर उघडतो. जुन्याला तो हातही लावत नाही. दिसत नाही आणि उरले नाही या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे एवढे कळेपर्यंत माझे दोन दिवस गेले.

हेल्प मेनूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावर प्रोफाइलचा फोल्डर उघडण्याचे बटण असते. ते दाबून एक पायरी वर गेले, तेव्हा तिथे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसले. एकाचे नाव ‘डीफॉल्ट-रिलीज’ या शब्दांनी संपत होते आणि त्यात काही मेगाबाइटच होते. दुसऱ्याचे नुसत्या ‘डीफॉल्ट’ने संपत होते आणि त्याचे वजन अकरा गिगाबाइटच्या वर होते. तो आकडा पाहून मी खुर्चीत मागे टेकून बसले. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करून तो सबंध फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला. हे काम सगळ्यात आधी करावे, असे मी आग्रहाने सांगेन. नव्या आवृत्तीने एकदा उघडलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत परत उघडायला गेल्यास कार्यक्रम अडवतो, म्हणून मूळची अस्पर्श प्रत हाताशी असलीच पाहिजे.

पुढची पायरी सोपी होती. त्याच पानावरून ‘अबाउट:प्रोफाइल्स’ उघडता येते. तिथे जुन्या प्रोफाइलखालचे ‘सेट ॲज डीफॉल्ट प्रोफाइल’ हे बटण दाबले आणि कार्यक्रम पुन्हा सुरू केला. शेजारीच प्रोफाइल काढून टाकण्याचे बटण असते आणि ते दाबल्यास फाइलीही पुसायच्या का, असे विचारले जाते. घाबरलेल्या अवस्थेत तिथे हात जाऊ नये.

लेखकांचे सगळे फोल्डर परत आले. ‘दिवाळी’ मात्र आला नाही.

थंडरबर्ड मुळात प्रत्येक फोल्डरची सगळी पत्रे एकाच एमबॉक्स फाइलमध्ये एकामागोमाग लिहिते. त्या फाइलला शेपटी (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे) नसते, नुसते फोल्डरचे नाव असते. तिच्या शेजारी ‘एमएसएफ’ शेपटीची अनुक्रमणिका असते आणि पोटफोल्डर असतील तर ‘एसबीडी’ शेपटीचा एक फोल्डर. अनुक्रमणिका पुसली तरी ती पुन्हा तयार होते, पत्रांना धक्का लागत नाही. माझ्याकडे ‘दिवाळी’चा एसबीडी फोल्डर जागेवर होता, त्यात सोळा वर्षांच्या फाइली होत्या, पण खुद्द ‘दिवाळी’ नावाची फाइल नव्हती. ती नसली की थंडरबर्ड आतल्या पोटफोल्डरांकडे पाहतच नाही. शोध घेतल्यावर ती फाइल अँटिव्हायरसच्या बंदिस्त कप्प्यात सापडली. कधीकाळी आलेल्या एका संशयास्पद जोडपत्रामुळे त्याने त्या पत्राऐवजी संपूर्ण फाइलच उचलली होती, कारण त्याच्या दृष्टीने ती एकच वस्तू असते.

कप्प्यातून फाइल लगेच सोडवावी असे मला वाटेना. म्हणून नोटपॅडमध्ये एक कोरी फाइल उघडली, नाव अवतरणचिन्हांत घालून ‘दिवाळी’ असे (या खात्यातल्या माझ्या फोल्डरांची नावे रोमन लिपीत आहेत) शेपटीशिवाय जतन केले आणि एसबीडी फोल्डरच्या शेजारी ठेवले. थंडरबर्ड उघडताच २००८ ते २०२३ अशी सोळा वर्षे एकाखाली एक उभी राहिली. मूळ फाइल नंतर सोडवली आणि ते जोडपत्र काढून टाकून ‘दिवाळी-जुने’ या नावाने वेगळी जोडली.

पत्रे शाबूत आहेत ना, हे पाहण्यासाठी मी एक एमबॉक्स फाइल नोटपॅडसारख्या साध्या कार्यक्रमात उघडली होती. मराठी नावाने शोधले तर काहीच सापडेना आणि पुन्हा धस्स झाले. कारण साधे होते: विषयाची ओळ आणि पुष्कळदा मजकूरही बेस६४ या सांकेतिक रूपात लिहिलेला असतो. युनिकोडमधील मराठी शब्द त्या रूपात ४, के, एस या खुणांनी सुरू होतो, मग तो ‘दिवाळी’ असो की ‘मुद्रित’. त्यामुळे शोधायचे ते लेखकाचे नाव नव्हे, त्याचा ईमेल पत्ता. तो लगेच सापडला. माझे दुसरे खाते आयमॅपचे, म्हणजे पत्रे सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीचे आहे. त्यातले मराठी नावाचे फोल्डर डिस्कवर अँड-चिन्हाने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या रांगेसारखे दिसतात. ते खराब झालेले नसतात, ती त्या पद्धतीची ठरलेली लेखनरीत आहे.

मधल्या तीन दिवसांत आलेली पत्रे अजून सर्व्हरवर असल्याने जुन्या प्रोफाइलमध्ये आपोआप उतरली. मी पाठवलेली उत्तरे मात्र फक्त नव्या प्रोफाइलच्या ‘सेंट’ फाइलमध्ये होती. ती फाइल वेगळे नाव देऊन ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवावी लागली. ही गोष्ट सहज विसरली जाते.

आता नऊ महिन्यांचा वापर. अकरा गिगाबाइटची पत्रे असूनही ही आवृत्ती माझ्या संगणकावर जुनीपेक्षा मोकळी चालते. शोधाची अनुक्रमणिका मी पुसून नव्याने तयार होऊ दिली, त्याला एक रात्र लागली. त्यानंतर शोध अचूक लागतो. पत्रे कार्डांच्या रूपात दाखवण्याची नवी मांडणी मला मानवली नाही. शंभर पत्रांवरून नजर फिरवायची तर रकान्यांचा तक्ताच हवा, आणि तो एका निवडीत परत मिळतो. डावीकडच्या रकान्याच्या तीन टिंबांत ‘फोल्डर मोड्स’ असतात. तिथे ‘ऑल फोल्डर्स’वरची खूण निघाली तरी फोल्डर दिसेनासे होतात, म्हणून माझ्यासारखी धावपळ करण्यापूर्वी ती जागा आधी पाहावी. एका फोल्डरची यादी मार्चमध्ये अर्धवट दिसू लागली होती. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रिपेअर फोल्डर’ने ती मिनिटभरात पूर्ववत झाली.

खरी उणीव एकच वाटते. कार्यक्रमात प्रोफाइल निर्यात करण्याची सोय आहे, पण ती दोन गिगाबाइटच्या वर चालत नाही, आणि ज्यांना अशा प्रतीची सर्वाधिक गरज आहे त्यांची पत्रे हमखास त्याहून जास्त असतात. त्यामुळे दर शनिवारी काम आटोपल्यावर मी थंडरबर्ड बंद करते आणि प्रोफाइलचा सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवते. अँटिव्हायरसला तो फोल्डर वगळायला सांगितले आहे. जोडपत्र उघडण्यापूर्वी मात्र ते वेगळे जतन करून तपासते. ३२-बिटचा जुना कार्यक्रम डिसेंबरमध्ये काढून टाकला, त्याने प्रोफाइलला काही झाले नाही. ते तीन दिवसांचे कोरे प्रोफाइल अजून तसेच ठेवले आहे. यंदाच्या अंकांची शेवटची मुद्रिते गेली की काढेन.