जुने विमान ओळखायचे: नोंदणीच्या अक्षरांवरून की इंजिनावरून?

जुन्या, दुर्मिळ विमानाचे छायाचित्र हाती आले की शोध दोन टोकांनी सुरू करता येतो. धडावर आणि पंखांवर रंगवलेली नोंदणीची अक्षरे वाचून त्या देशाच्या जुन्या नोंदवह्या चाळता येतात, किंवा अक्षरे बाजूला ठेवून आधी नाकाकडे, म्हणजे इंजिनाकडे पाहता येते. मी दोन्ही वाटांनी बराच काळ गेलो आहे. हल्ली मी बहुधा दुसरीच वाट धरतो, पण पहिलीचे मोल मला कमी लेखायचे नाही.

अक्षरे पूर्ण वाचता आली तर उत्तर नेमके मिळते: निर्माता, कारखान्याचा अनुक्रमांक, मालक, बऱ्याचदा विमानाचा शेवट कसा झाला तेही. एकच नमुना बांधला गेलेल्या विमानाच्या बाबतीत तर ताडून पाहायला दुसरे चित्रही नसते, तेव्हा नोंदवहीच कामी येते. अर्धवट अक्षरांवरून काळाचा अंदाजही बांधता येतो. ऑस्ट्रेलियन विमानावर ‘जी-एयू’ असेल तर ते विमान १९२० च्या दशकात नोंदले गेले असे धरता येते, कारण १९२९ च्या सुमारास तिथे ‘व्हीएच’ ही खूण आली.

असे असूनही मी या वाटेवरून बाजूला झालो, त्याचे कारण अगदी क्षुल्लक वाटेल. त्या काळातील माणसे विमानासोबत छायाचित्र काढून घेताना नेमकी अक्षरांपुढे उभी राहतात. वैमानिकाचा कोट, कोणाची तरी टोपी किंवा खालच्या पंखाची कड हमखास एखाद्या अक्षरावर येते. एक अक्षर झाकले गेले की शक्यता २६ होतात, दोन झाकली गेली की ६७६, आणि मग नोंदवहीतील रकान्यांमागून रकाने वाचत बसावे लागते. त्यात जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग फिकट उमटतो, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरील तांबडी अक्षरे दिसेनाशी होतात. ही कटकट मला जितकी जाचली तितकी इतरांना जाचेलच असे नाही.

याच छायाचित्रांत इंजिन मात्र बहुधा उघडे असते, कारण प्रोपेलरवर हात ठेवून उभे राहण्याची हौसही त्याच माणसांना होती. मग सिलिंडर मोजायचे. डी हॅविलंड मॉथच्या नाकावर चार सिलिंडर उभे दिसले तर इंजिन सिरस किंवा जिप्सी, तेच खाली लोंबत असतील तर नंतरचा मॉथ मेजर, आणि पाच सिलिंडर ताऱ्यासारखे पसरलेले असतील तर जेनेट मॉथ. प्रोपेलरचा दांडा इंजिनाच्या मध्यावर नसून थोडा वर सरकलेला दिसला, तर ते गिअर असलेले सात सिलिंडरांचे छोटे पॉबजॉय असण्याची दाट शक्यता असते, आणि मग कॉम्पर स्विफ्टसारखी मोजकीच नावे तपासायची उरतात.

पहिल्या महायुद्धातील विमानांत तर मला यातच अधिक गोडी वाटते. रोटरी इंजिनाचे सिलिंडर प्रोपेलरबरोबर फिरतात, म्हणून चालू इंजिनाच्या चित्रात दोन्ही पुसट येतात, तर रेडियल इंजिनात, म्हणजे ताऱ्यासारखे पसरलेले सिलिंडर जागीच राहणाऱ्या इंजिनात, प्रोपेलर पुसट असला तरी सिलिंडर स्वच्छ दिसतात. ८० अश्वशक्तीच्या ल रोन इंजिनात तांब्याच्या नळ्या सिलिंडरांच्या पुढून वर चढतात, ११० अश्वशक्तीच्या इंजिनात त्या मागे गेलेल्या असतात, आणि नोम मोनोसुपापमध्ये अशा नळ्या नसतातच.

रंगकाम खरे मानण्यातही धोका असतो. प्रदर्शनासाठी जर्मन खुणा रंगवलेल्या ‘मेसरश्मिट १०९’च्या धुराच्या नळ्या नाकाच्या वरच्या भागात दिसल्या, तर ते मर्लिन इंजिन बसवलेले स्पॅनिश बुचोन समजावे. जर्मन डीबी ६०५ इंजिन उलटे बसवलेले असल्याने त्याच्या नळ्या खाली असतात. फिजेलर श्टोर्खसारख्या दिसणाऱ्या विमानाला रेडियल इंजिन असेल तर ते बहुधा फ्रेंच बनावटीचे मोरान-सोल्निए ५०२ निघते.

इंजिनाची वाटही निर्धोक नाही. राइट व्हर्लविंड हे एकच इंजिन रायनच्याही विमानात होते आणि फोकरच्याही, त्यामुळे इंजिनानंतर पंखांचे खांब आणि चाकांचे पाय पाहावेच लागतात. बोइंग स्टीअरमनच्या सात सिलिंडरांवरून कॉन्टिनेंटल इंजिनाचा पीटी-१७ हा उपप्रकार सुचतो आणि नऊवरून लायकमिंगचा पीटी-१३, पण युद्धानंतर अनेक स्टीअरमनवर प्रॅट अँड व्हिटनीची नऊ सिलिंडरांची मोठी इंजिने चढवली गेली. १९३० च्या दशकात रेडियल इंजिनांवर आवरणे आली आणि मोजण्यासारखे बाहेर फारसे काही उरले नाही.

तरीही नवशिक्याने सुरुवात नाकापासून करावी असे मला वाटते. इंजिनावरून प्रकार ठरला की कोटाआड दडलेल्या अक्षराच्या २६ शक्यतांपैकी त्या प्रकारच्या नोंदी तेवढ्या तपासाव्या लागतात, आणि बऱ्याचदा त्या दोन-तीनच निघतात. उडत्या विमानाचे खालून टिपलेले चित्र असेल तर मात्र हा क्रम सोडून द्यावा. तिथे इंजिन नुसता काळा ठिपका असते आणि पंखाखालची अक्षरे पुरुषभर उंचीची दिसतात.