लघवीच्या जळजळीला सल्फा, नायट्रोफ्युरँटॉइन की पुडी?

उन्हाळा तापला की आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या मेडिकलमध्ये एक प्रश्न रोज येतो, तोही आवाज खाली करून. ठाणे–वाशी लोकलने रबाळे, घणसोलीला नोकरीला जाणाऱ्या मुली दिवसभर बाहेरचं स्वच्छतागृह टाळतात आणि त्यासाठी पाणीच कमी पितात. मग उन्हाळी लागते. धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा सगळं करून झालं तरी जळजळ थांबत नाही, थेंब थेंब लघवी होते, आणि काउंटरवर येऊन म्हणतात, "ताई, मागच्या वेळची ती सल्फाची गोळी द्या ना."

चिठ्ठीशिवाय ती मिळणार नाही. डॉक्टरांकडे गेलात तर मात्र बहुतेक वेळा तीनपैकी एक औषध लिहून मिळेल: को-ट्रायमोक्साझोल (म्हणजे तीच सल्फाची गोळी), नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनची पुडी. पुढचं सगळं मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गाबद्दल आहे, तेही गरोदर नसलेल्या बाईच्या. ताप, हुडहुडी, उलट्या किंवा एका बाजूला कंबरेच्या वर दुखत असेल तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. तिथे ही तुलना बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सल्फा हे यातलं सर्वांत जुनं घराणं. पेनिसिलिन बाजारात यायच्या आधी, 1935 साली जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांनी प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याचे जिवाणू-संसर्गावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कळलं की खरं काम शरीरात त्यातून सुटणारं सल्फॅनिलअमाइड करतं. जिवाणूंना फॉलिक अ‍ॅसिड स्वतः बनवावं लागतं, आपल्याला ते जेवणातून मिळतं. सल्फा नेमकं ते बनवणंच अडवतं. आज मिळणाऱ्या गोळीत सल्फामेथॉक्साझोलच्या जोडीला ट्रायमेथोप्रिम असतं, आणि ते त्याच प्रक्रियेची पुढची पायरी रोखतं. एकाच रस्त्यावर दोन ठिकाणी नाकाबंदी करावी तसं. सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिमच्या डीएस गोळीच्या पाकिटावर 800 आणि 160 मिलिग्रॅम हे दोन आकडे असतात, ते या दोघांचे. साध्या संसर्गाला सकाळ-संध्याकाळ एक, तीन दिवस. पैशाच्या हिशेबात तिघांत हीच सर्वांत स्वस्त.

मग सगळ्यांना हीच का देत नाहीत? कारण लघवीच्या संसर्गाला बहुतेकदा जबाबदार असणारा ई. कोलाय हा जिवाणू आपल्याकडे हिला मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. परिसरातल्या 20 टक्क्यांहून जास्त जिवाणूंवर ती चालत नसेल तर रिपोर्ट न पाहता सुरू करू नये, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. माझं मत स्पष्ट आहे: कल्चरच्या, म्हणजे लघवीतला जिवाणू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये को-ट्रायमोक्साझोलसमोर 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालतं) असेल तर ही गोळी उत्तम. रिपोर्ट नसताना अंदाजाने घ्यायची गोळी ती नव्हे.

रिपोर्ट 'एस' आला तरी घरातला गोळ्यांचा डबा डॉक्टरांना दाखवायचा. ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर ट्रायमेथोप्रिममुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि साठी उलटलेल्यांत, किडनी थकलेल्यांत ते हृदयावर बेतू शकतं. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर अचानक उतरू शकते. वॉरफॅरिन चालू असेल तर रक्त जास्तच पातळ होतं. ठाण्यात चाळिशीपुढचं असं घर शोधावं लागेल, जिथे यातली एकही गोळी नाही. शिवाय जी-सिक्स-पीडी हे तांबड्या रक्तपेशींना जपणारं एन्झाइम कमी असणाऱ्यांना आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन व शेवटच्या महिन्यात ती टाळतात.

नायट्रोफ्युरँटॉइन लघवीतच साठतं, बाकी शरीरात त्याची मात्रा नगण्य. म्हणून मूत्राशयात उत्तम, किडनीच्या संसर्गात निरुपयोगी. ई. कोलायवर ते अजून चांगलं चालतं, प्रोटियस या जिवाणूवर मात्र चालत नाही. 100 मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी कॅप्सूल दोन वेळा, पाच दिवस, आणि जेवणासोबतच, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते. "ताई, कावीळ झाली का?" असे फोन त्यामुळेच येतात. कावीळ नसते, औषधाचा रंग असतो. किडनीचं काम बरंच मंदावलं असेल तर हे देत नाहीत, आणि महिनोन्महिने घेतल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते. तरुण, एरवी धडधाकट बाईला रिपोर्ट यायच्या आधी काही सुरू करायचं असेल, तर माझा कौल यालाच.

फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅमची पुडी पाण्यात ढवळून एकदाच प्यायची. रात्री, लघवी करून आल्यावर, जेवणानंतर दोन-तीन तासांनी. महाग आहे आणि काहींना जुलाब होतात. पण डोस विसरायचा प्रश्नच येत नाही, आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना ती सोयीची पडते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तरी चालते.

अ‍ॅलर्जीवर थोडं थांबायला हवं. "मला सल्फा चालत नाही" असं सांगणारे लोक अंगावरची सूज उतरवणारं फ्युरोसेमाइड, मधुमेहाचं ग्लिमेपिराइड, दुखण्यावरचं सेलेकॉक्सिब यांनाही घाबरतात, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याही सल्फोनामाइडच. पण प्रतिजैविक सल्फाची अ‍ॅलर्जी रेणूच्या ज्या भागामुळे होते, तो यांच्यात नसतो, त्यामुळे धोका बराच कमी. गंधक किंवा सुक्या मेव्यातल्या सल्फाइटशी तर काहीच संबंध नाही. उलट भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम आणि आतड्याच्या सुजेवरचं सल्फासालाझिन मात्र खरोखर याच घरातले. अ‍ॅलर्जी असल्यास तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कल्चरचा नमुना पहिल्या डोसच्या आधी द्या: सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर एखादं औषध सुरू करतील आणि गरज पडल्यास बदलतील. सल्फा घेताना पाणी भरपूर प्या, नाहीतर लघवीत खडे धरू शकतात. गोळीचा कोर्स संपून आठवडा-दोन आठवडे झाल्यावरही तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, कातडी दुखून सोलवटायला लागली, तर क्रीम लावत घरी बसू नका. ती स्टीव्हन्स-जॉन्सन या औषधाच्या जिवावर बेतणाऱ्या रिअ‍ॅक्शनची सुरुवात असू शकते. गोळी चालू असेल तर तिथेच थांबवा, पाकीट हातात घ्या आणि थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.