एका नगाचे काम: मकरपुऱ्यात करून घेतलेली ॲम्प्लिफायरची पॅनेले

हेडफोन ॲम्प्लिफायरचे सर्किट घरच्या टेबलावर जुळते, ट्रान्सफॉर्मर हव्या त्या व्होल्टेजचा गुंडाळून मिळतो. घोडे अडते ते पेटीपाशी. तयार प्लॅस्टिकच्या डब्यांची भोके कानशीने मोठी करून मी आधीचे दोन प्रकल्प उरकले होते. या वेळी पुढचे आणि मागचे पॅनेल ॲल्युमिनियमचे हवे होते, म्हणून ते बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान व्हीएमसी (संगणकाच्या सूचनांवर चालणारे मिलिंग मशीन) वर्कशॉपकडून करून घेतले. पुढे एक तक्रार येणार असल्यामुळे त्याचे नाव देत नाही.

सयाजीराव महाराजांनी 1890 साली जिथे कलाभवन काढले, त्या बडोद्यात कारागिरांची वाण नाही. वाण आहे ती एकच नग हाती घेणाऱ्याची. दोन ठिकाणांहून ‘शंभर नग असतील तर या’ असे ऐकून परतलो. या तिसऱ्या ठिकाणच्या मालकांनी नकार न देता हिशेब समजावला: जॉब वाइसमध्ये बसवणे, मापांचा शून्य बिंदू धरणे, हत्यारे लावणे यांत जाणारा वेळ एका नगाला आणि दहा नगांना जवळपास सारखाच असतो. त्यामुळे 220 × 60 × 6 मिलिमीटरच्या पुढच्या पॅनेलचा एक नग 1,800 रुपयांना आणि दोन नग 2,300 रुपयांना पडत होते. मी दोन घेतले. मागच्या 3 मिलिमीटरच्या पॅनेलचे 900 आणि ॲनोडायझिंगचे, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवून काळा रंग देण्याचे, 400 धरून एकूण 3,600 रुपये झाले.

मी स्टेप फाइल, म्हणजे पॅनेलचे संगणकावरचे त्रिमितीय चित्र, दिली होती, तरी मापांसह कागदी ड्रॉइंग आणल्याशिवाय मालकांनी मशीनला हात लावला नाही, आणि ते योग्यच होते. त्या कागदावर बोट ठेवून त्यांनी माझी चूक दाखवली. ओएलईडी डिस्प्लेची काच बसण्यासाठी पॅनेलच्या मागून जो खाचा हवा होता, त्याचे चारही कोपरे मी काटकोनात काढले होते. ‘कटर गोल फिरतो, चौकोनी कोपरा कुठून आणू?’ असे म्हणून त्यांनी मागच्या बाजूला, म्हणजे बाहेरून दिसणार नाही तिथे, प्रत्येक कोपऱ्यात एक लहान भोक पाडून काचेच्या टोकांना जागा करून देण्याचे सुचवले. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या बुशला (दांड्याभोवतीच्या आटेदार नळीला) जेमतेम 7 मिलिमीटर आटे असल्याने 6 मिलिमीटर जाडीत नटाला काही उरणार नाही, हे मात्र माझ्या लक्षात आले होते. तिथे मागून खोदून 2.5 मिलिमीटर जाडी ठेवली आहे.

सांगितलेल्या आठ दिवसांचे नवरात्रामुळे सतरा झाले. बडोद्यात राहून त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. काम पाहून मात्र समाधान वाटले. व्हर्नियर लावला तर 7.2 मिलिमीटरचे भोक 7.2 चेच भरले, कडेवरून नख फिरवले तर कुठेही बर (कापताना उरणारी धारदार कड) लागली नाही, आणि एम-3 चे स्क्रू बोटांनीच शेवटपर्यंत गेले.

तक्रार आहे ती ॲनोडायझिंगची. मागच्या पॅनेलवर अर्थिंगच्या बोल्टाभोवती 10 मिलिमीटरचे वर्तुळ उघडे ठेवावे, असे मी ड्रॉइंगवर लिहिले होते, पण तेही काळे होऊन आले. ॲनोडायझिंगचा थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे विद्युतरोधक असतो. दिसायला पॅनेल धातूचे असले तरी मल्टिमीटरची दोन्ही टोके त्यावर टेकवल्यावर बीप वाजत नाही. पेटीत 230 व्होल्ट येणार असताना हा मुद्दा शोभेचा नव्हे, जिवाचा आहे. चौकशीअंती कळले, की ॲनोडायझिंग बाहेर होते, ड्रॉइंग वर्कशॉपमध्येच राहिले आणि पॅनेलांसोबत गेली ती केवळ ‘काळे’ एवढे लिहिलेली चिठ्ठी. मालकांनी वाद न घालता पॅनेल पुन्हा मशीनवर चढवले आणि दहा मिनिटांत तेवढे वर्तुळ घासून चकचकीत करून दिले. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळल्यावर बीप वाजली. मागच्या पॅनेलचा काळा रंग पुढच्यापेक्षा किंचित तपकिरी आला आहे, पण ती बाजू भिंतीकडेच असते.

आता वरच्या झाकणाचे काम त्यांच्याकडेच देणार आहे. उघडी ठेवायची जागा या वेळी ड्रॉइंगवर तर लिहीनच, शिवाय तिथल्या भोकात एक बोल्ट घालून त्यालाच चिठ्ठी बांधून देईन.