सेकंडहँड स्टिल एमएस २५० : घ्यावी का, आणि घेतली तर आधी काय उघडावं

जुनी चेन सॉ घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा दोरी ओढतो. मशीन सुरू झाली की खिशात हात घालतो. माझं म्हणणं, आधी सायलेन्सर काढा. नट सोडायचे, पाच मिनिटांचं काम. त्या भोकातून पिस्टन जे दाखवतो, ते विकणारा सांगत नाही. बऱ्याचदा त्यालाही ते माहीत नसतं.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. लूम लावणं, टायमिंग धरणं, आवाज बदलला की कुठं काय ढिलं झालं ते शोधणं, हे रोजचं. सुट्टीच्या दिवशी जुन्या पेट्रोल करवती आणून खोलतो आणि परत बांधतो. धंदा म्हणून नाही, आवड म्हणून. आजवर हाताखालून गेलेल्यांत एमएस २५० मला सगळ्यात जास्त पटलेली आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितोय.

मशीन जर्मनीच्या स्टिलची. आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली श्टुटगार्टमध्ये कंपनी काढली, तेव्हापासून करवती हाच त्यांचा मुख्य माल. एमएस २५० म्हणजे ४५.४ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ४२.५ मिमी बोअर, ३२ मिमी स्ट्रोक, ताकद २.३ किलोवॅट, पट्टी (जिच्यावरून चेन फिरते ती) आणि चेन सोडून वजन ४.६ किलो. तिची धाकटी एमएस १८० ही ३१.८ सीसीची. फांद्या तोडायला ती पुरते, पण बांधावरच्या जुन्या बाभळीच्या बुंध्यात दमते. २५० तिथं निभावते आणि दिवसभर हातात धरली तरी खांदे भरून येत नाहीत. जुन्यात घ्यायची तर हाच साईज घ्यावा असं मी सगळ्यांना सांगतो.

माझी ही एमएस २५० मला एका लाकडाच्या वखारीत मिळाली. कोपऱ्यात भुशाखाली पडलेली, एअर फिल्टरचं झाकण तारेनं बांधलेलं. मालक म्हणाले, "अण्णा, पोरानं तेल न टाकता नुसतं पेट्रोल घातलं, तेव्हापासून बसली. भंगारात देणारच होतो." साडेचार हजारांत सौदा झाला. त्याआधी मी तिथंच तीन गोष्टी बघितल्या.

पहिली, स्टार्टरची मूठ धरून अख्खी मशीन उचलली. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर दोरी अडखळत, थांबत-थांबत सुटते. ही जरा सैलच सुटली, पण सर्रकन खाली आली नाही. दुसरी, स्टार्टरचं कव्हर काढून फ्लायव्हील वर-खाली हलवलं. तिथं खेळ लागला तर क्रँकचं बेरिंग गेलेलं असतं, आणि मग मी तरी मशीन जागेवर सोडतो. इथं खेळ अजिबात नव्हता. तिसरी, सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, कडेला ॲल्युमिनियम ओढल्यासारखं दिसत होतं. कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूनंही बघितलं, तिथं पिस्टन स्वच्छ.

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे म्हणजे इंजिन तापलं, तेल कमी पडलं किंवा पेट्रोलच्या मानानं हवा जास्त गेली. कार्बोरेटरच्या बाजूला ओरखडे म्हणजे फिल्टरमधून धूळ आत गेली. आपल्याकडं उन्हाळ्यात पांढरी धूळ कशी उडते ते सोलापूरकरांना सांगायला नको, त्यामुळं ही दुसरी खूण इथल्या मशीनमध्ये हमखास सापडते. धूळ खाल्लेल्या इंजिनात सिलिंडर, पिस्टन, बेरिंग सगळंच झिजलेलं असतं. तापून पकडलेलं इंजिन बऱ्याचदा वाचतं.

घरी आणून खोलायला घेतली. क्लच उलट्या आट्याचा आहे, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवून सुटतो. त्याच्यावर बाण कोरलेला असतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची. स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवणारे मेकॅनिक मी पाहिलेत, पिस्टनच्या डोक्याला भोक पाडायचा तो खात्रीचा मार्ग आहे.

या मॉडेलची बांधणी समजून घ्यायला हवी. महागड्या, व्यावसायिक करवतीत सिलिंडर वरून चार बोल्ट काढून निघतो. एमएस २५० मध्ये इंजिन क्रँकच्या मधोमध आडवं दुभागलेलं आहे, वर सिलिंडर आणि खाली पॅन, आणि ते सगळं प्लास्टिकच्या बॉडीत बसवलेलं. म्हणजे नुसता पिस्टन बदलायचा तरी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याला हे किचकट वाटतं. पण एकदा बाहेर आलं की क्रँक, दोन्ही बेरिंग, दोन्ही ऑइल सील एकाच वेळी हातात येतात, आणि सील बदलायला वेगळा पुलर लागत नाही. मला ही रचना शिकणाऱ्यासाठी चांगलीच वाटते.

खोलल्यावर मालकाच्या गोष्टीत काहीतरी जमेना. नुसत्या पेट्रोलवर चाललेलं इंजिन आतून कोरडं असतं. इथं पॅनच्या तळाला तेलाचा ओलावा होता, बेरिंग चमकत होते. तेल टाकलेलं होतं. मग तापली कशानं? कार्बोरेटर आणि सिलिंडर जोडणारं रबर दाबून बघितलं, ठीक. इम्पल्सची बारीक नळी, म्हणजे इंजिनातल्या दाबाचे ठोके कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणारी, वाकवली आणि वाकणाच्या आतल्या बाजूला चीर उघडली. सरळ धरली की दिसत नव्हती, वाकवली की नखभर तोंड उघडत होती. तिथून हवा जास्त जात होती आणि कार्बोरेटरच्या पंपालाही जोर मिळत नव्हता. पोरगं उगाच बोलणी खात होतं. मी वखारीत जाऊन ती नळी मालकांना दाखवली.

म्हणूनच सांगतो, पिस्टन का पकडला हे सापडल्याशिवाय नवा पिस्टन घालू नका. तोही तसाच जळतो.

सिलिंडरला आतून कडक मुलामा असतो. पिस्टनचं मऊ ॲल्युमिनियम वितळून त्याच्यावर चिकटतं, आणि लोक सिलिंडर गेला समजून फेकून देतात. फरशी धुवायचं ॲसिड कापसाच्या काडीनं फक्त त्या डागावर लावायचं. ॲल्युमिनियम फसफसतं. फसफस थांबली की पुसून परत लावायचं. मुलाम्याला ॲसिड काही करत नाही, पण पोर्टच्या कडेला उघडं ॲल्युमिनियम असतं, तिथं थेंबही जाऊ द्यायचा नाही. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा, यात तडजोड नको. या सिलिंडरवर डाग गेल्यावर नख फिरवलं, कुठंही अडकलं नाही. नवा पिस्टन, रिंगा, दोन सील आणि नळी एवढ्यात काम भागलं. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरकडं ठेवायचा, रिंगांची तोंडं त्यांच्या बारीक पिनांवर बसली की नाही ते बघूनच सिलिंडर सरकवायचा.

जोडावर सीलंट लावून रात्रभर ठेवलं. मग सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद केलं, इम्पल्सच्या भोकातून अर्धा बार हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. काटा हलला नाही. ही चाचणी केल्याशिवाय मी कुठलंही इंजिन बॉडीत बसवत नाही.

रबराविषयी थोडं जास्त बोलायला हवं, कारण आता पंपावर सर्रास ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉलमुळं उसाला आधार आहे हे मला मान्य आहे. पण जुन्या करवतीच्या डायफ्रामला (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) आणि पेट्रोलच्या नळ्यांना ते मानवत नाही. काही रबर फुगतं, काही कडक होऊन तडकतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं त्याच सेटिंगवर पेट्रोलच्या मानानं हवा थोडी जास्त होते, म्हणजे इंजिन जास्त तापतं. शिवाय ते पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी तळाशी वेगळं बसतं, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच असतो. तेव्हा कार्बोरेटरचं डायफ्राम-गॅस्केटचं किट आणि पेट्रोलची नळी जुन्या मशीनमध्ये डोळे झाकून बदला. पेट्रोल-तेलाचं मिश्रण लागेल तेवढंच करा, काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कंपनीचं टू-स्ट्रोक तेल असेल तर लिटरला २० मिली, दुसरं कुठलं असेल तर ४० मिली.

सुट्या भागांत फसवणूक भरपूर आहे. ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त किटमधल्या रिंगेला इतका कमी ताण होता की बोटानं दाबली की परत उघडेना. ते किट मी वापरलंच नाही. पिस्टन, रिंग, सील आणि डायफ्राम अस्सल घ्या. हँडल, झाकण, स्टार्टरची दोरी यांत बाहेरचा माल चालतो. माझा भागांवरचा खर्च साडेतीन हजारांच्या आसपास आला, पट्टी आणि चेन वेगळी. सगळं धरून नव्या मशीनच्या निम्म्याहून बरंच कमी.

कार्बोरेटर लावताना मला लूमवरचा कान कामाला येतो. एल स्क्रू (कमी वेगाला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा) बंद करून एक आटा उघडायचा, मशीन गरम करायची. आयडलला चेन फिरता कामा नये. पूर्ण रेस दिल्यावर रिकाम्या मशीनचा आवाज किंचित फुटका, फडफडणारा हवा. लाकडात घातली की तोच आवाज एकसंध, स्वच्छ व्हायला हवा. रिकामी असतानाच कानात घुसणारा सरळ सूर येत असेल तर पेट्रोल कमी जातंय, लगेच बंद करा. ऐकायला तो आवाज जोरदार वाटतो, म्हणून विकणारे मुद्दाम तसं लावून देतात.

इंजिन कितीही चांगलं असो, कापते ती चेन. हिला ०.३२५ इंच पिच (कड्यांमधलं अंतर) आणि १.६ मिमी गेजची (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) चेन लागते, पट्टीवर आकडे कोरलेले असतात. कानस ४.८ मिमीची गोल, कोन ३० अंश, दातापुढचा उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज, दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. या दातांचा आकार अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ साली सुचला. झाडाच्या बुंध्यात भुंग्याची अळी डावी-उजवीकडं कुरतडत पुढं जाते ते त्यानं बघितलं, आणि तसेच आलटून-पालटून डावे-उजवे दात असलेली चेन काढली. आजची चेन त्याच मूळ कल्पनेवर चालते. दर टाकीला दोन-दोन हात कानस फिरवली तर भुसा पिठासारखा न पडता चुरा दाणेदार पडतो. पीठ पडायला लागलं की जोर लावू नका, धार लावा.

मंगळवेढ्याकडं मामांच्या शेतात वठलेली बाभूळ आडवी पडली होती, तिथं हिला खऱ्या कामाला लावली. वाळलेली बाभूळ कुठल्याही करवतीची परीक्षा घेते. पट्टी पूर्ण बुडवूनही रेस पडली नाही, तेलाचा पंप पट्टीला नीट ओल देत होता, गरम झाल्यावर एका ओढीत सुरू होत होती. एकाच खटक्यावर चोक, अर्धी रेस, चालू आणि बंद हे सगळं असल्यानं मामांनाही ती लगेच जमली. चिंचेच्या बुंध्यात मात्र वेग कमी होतो. रेषा उलटसुलट असलेल्या त्या लाकडाला ६० सीसीच्या पुढची मशीन लागते.

चेन ब्रेक आधी तपासा. पुढचा दांडा ढकलला की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत तोंडाकडं उसळते, तेव्हा हाच ब्रेक जीव वाचवतो. ब्रेक काढून टाकलेल्या मशीन वखारींत सर्रास दिसतात. किंमत कितीही कमी असो, तो खर्च धरूनच बोला.

नवी स्वस्त ५८ सीसीची मशीन घ्यावी की ही जुनी, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ज्याला वर्षातून एकदा कुंपणाच्या वेड्या बाभळी काढायच्या आहेत आणि पाना हातात धरायचा नाही, त्यानं जुन्याच्या वाटेला जाऊ नये. नवी घ्यावी, नाहीतर भाड्यानं माणूस बोलवावा. ज्याला खोलायला आवडतं, त्याला एमएस २५० सारखी मशीन नाही. भाग मिळतात, मापं सगळीकडं उपलब्ध आहेत, आणि क्रँक शाबूत असला तर बाकी सगळं परत उभं राहतं.

शहरात राहणाऱ्यांसाठी एक: १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानं आपल्या दारातलं झाडही महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून बांधून झालेली मशीन तपासायला मी वखारीतून वाया गेलेले ओंडके आणतो. घेताना ते चुंबकानं तपासून घ्या. जुन्या चौकटींच्या लाकडात खिळे असतात आणि एका खिळ्यात सगळी धार जाते.