प्लोव्दिव्हच्या टेकडीवर घेतलेली तीन ‘रोमन’ नाणी

मी पंचवीस वर्षं नाणी जमवतो. शिवराईपासून सुरुवात झाली, मग सातवाहनांची हत्ती आणि उज्जैन चिन्हाची नाणी आली. हे आधीच सांगतो, कारण ज्याने मला फसवलं त्याने नेमका माझा हाच नाद हेरला होता.

२०२४च्या सप्टेंबरात आम्ही दोघं बल्गेरियात प्लोव्दिव्हला होतो. सोफियाहून बसने दोनेक तास. मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने, म्हणजे सिकंदराच्या बापाने, इ. स. पूर्व ३४२मध्ये हे शहर जिंकलं, म्हणून त्याचं जुनं नाव फिलिपोपोलिस. त्याच्याही आधी इथे थ्रेसियन लोक राहत होते. सकाळी बिशपच्या बॅसिलिकातली, म्हणजे प्राचीन चर्चमधली, मोझेक पाहिली; त्या रंगीत पक्ष्यांपुढून पाय निघेना. दुपारी जुमाया मशिदीसमोर खाली उतरून रोमन स्टेडियमचं उघडं असलेलं अर्धगोल टोक पाहिलं. बाकीचं स्टेडियम आजच्या बाजारपेठेच्या रस्त्याखाली गाडलेलं आहे, वर दुकानं आणि माणसांची वर्दळ. रोमन रंगमंदिराच्या पायऱ्यांवर तर शहरातल्या कुळांची नावं अजून कोरलेली दिसतात. संध्याकाळी नेबेत तेपे टेकडीवर पोचलो तेव्हा आमचं डोकं पुरतं दोन हजार वर्षं मागे गेलेलं होतं.

तिथे भिंतींच्या अवशेषांवर माणसं सूर्यास्त बघत बसतात. मी एका दगडी सांध्याचा जवळून फोटो घेत होतो. पन्नाशीचा एक माणूस शेजारी येऊन बसला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, “इतिहासाची आवड दिसते.” पाच-दहा मिनिटं नुसत्या गप्पा. मी नाणी जमवतो हे मीच सांगून टाकलं. मग त्याने खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत चिखलाने माखलेली पाच-सहा नाणी. नदीकाठच्या शेतात नांगराला लागली म्हणे. त्याने एकावरची माती अंगठ्याने पुसली. एका बाजूला दाढीवाला सम्राट, दुसऱ्या बाजूला आडवी टेकलेली नदीदेवता आणि कडेने ग्रीक अक्षरं. त्याने खाली वाहणाऱ्या मारित्सा नदीकडे बोट केलं, “हीच ती, हेब्रोस.” मारित्साचं प्राचीन नाव हेब्रोस हे मला ठाऊक होतं, आणि फिलिपोपोलिसच्या टांकसाळीतून अशी नदीदेवतेची नाणी निघत हेही. त्याच्या नव्हे, माझ्याच माहितीने मला पटवलं.

“खरं आहे ना?” मी विचारलं. त्याने मान दोन्ही बाजूंना हलवली. बल्गेरियात होकार तसाच देतात. तेवढ्यात कॅमेरा लटकवलेला एक तरुण डोकावला, जर्मनमध्ये काहीतरी बोलला आणि सगळीच घेतो अशी खूण करू लागला. मला घाई झाली. १८० युरो देऊन मी तीन नाणी घेतली. आपल्या हिशोबाने सोळा हजारांच्या वर.

रात्री हॉटेलवर कोमट पाण्यात मऊ ब्रशने ती धुतली. मातीबरोबर हिरवा रंगही पाण्यात उतरला. बायको दिव्याखाली दोन नाणी शेजारी धरून बघत होती. म्हणाली, “अहो, दाढीच्या खाली ओरखडा दोन्हींवर एकाच जागी कसा?”

मी भिंग घेतलं. तोच ओरखडा, तेवढाच लांब, तसाच वाकडा. जमिनीत वेगवेगळे झिजलेले दोन तुकडे कधीच असे सारखे नसतात. एका साच्यात ओतलेलेच असतात. काठावर कानशीने घासलेली बारीक रेघ होती, पार्श्वभूमीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे. प्राचीन नाणं ठशावर हातोड्याचा घाव घालून पाडत. त्याची अक्षरं टोकदार असतात, ओतलेल्याची मऊ पडतात. हे सगळं मला घरबसल्या कळतं. टेकडीवर मी काठ बघितलाच नव्हता.

सकाळी पोलिसांत जायला निघालो तर हॉटेलच्या मालकीणबाईंनी थांबवलं. तिथल्या कायद्याने जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू सरकारची असते आणि परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. मी काय सांगणार होतो? खरी समजून जमिनीतली नाणी चोरून घेतली, असंच ना? या धंद्याची सगळी मेख इथे आहे. माल खोटा निघाला तर पैसे बुडाले, खरा निघाला तर आपण गुन्ह्यात. म्हणून फसलेला माणूस तोंड उघडत नाही आणि विकणारा दुसऱ्या दिवशी त्याच टेकडीवर बसतो.

मला पैशांपेक्षा जास्त बोचलं ते वेगळंच. आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा आहे, १९७२चा पुराणवस्तू कायदा आहे. मी स्वतः तरुण संग्राहकांना ते समजावून सांगतो. नाणं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं हे गेलं की त्याचा निम्मा इतिहास गेला, हेही सांगतो. आणि तरी ती नाणी खरी असती तर चोरून उकरलेला माल मी आनंदाने घरी आणला असता. याची मला अजून लाज वाटते.

तुम्ही प्लोव्दिव्हला गेलात, आणि जरूर जा, तर आठवण म्हणून वस्तुसंग्रहालयाच्या दुकानात जी प्रतिकृती म्हणूनच विकतात ती घ्या. उघड्यावर कुणी मातीची पुडी सोडली की उठून चालू लागा. खरं की खोटं हे तपासत बसू नका, त्या बोलण्यातच आपण गुंततो. आणि मध्येच येऊन भाव चढवणारा दुसरा गिऱ्हाईक दिसला तर तो गिऱ्हाईक नसतो. आमचा तो कॅमेरावाला दुसऱ्या दिवशी शहरातल्या कपाना या वस्तीच्या गल्लीत त्या विक्रेत्याशेजारी कॉफी पीत बसलेला आम्ही दोघांनी पाहिला.

विमानतळावर कुणी सामान उघडलं तर काय सांगायचं, म्हणून मी ती तिन्ही नाणी हॉटेलातच टाकून आलो. त्याआधी दोन नाण्यांचा शेजारी ठेवून फोटो काढला. ओरखडा त्यात स्वच्छ दिसतो. ज्याला हवा त्याला पाठवतो.