लिफ्ट किट आणि नवे शॉक: 11 महिने, 16 हजार किलोमीटर

गाडी उंच करणारं लिफ्ट किट आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळ्या) बसवल्यानंतर पहिल्याच आठवड्यात हे लिहायला घेतलं होतं. बरं झालं पूर्ण केलं नाही, कारण तेव्हा मला फक्त गाडीची वाढलेली उंची दिसत होती.

गाडी लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या सांगाड्यावर बांधलेली), पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आणि कॉइल स्प्रिंग. दोन इंच, म्हणजे साधारण 50 मिलिमीटर उंच करणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्या मापाचे लांब मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक एकाच वेळी घातले. नुसते स्पेसर (स्प्रिंगला उंची देणारे ठोकळे) टाकून जुने शॉक ठेवण्याचा मोह झाला होता, तो टाळला. गाडी वर उचलली की जुना शॉक मुळातच ताणलेला राहतो आणि चाक खड्ड्यात उतरलं की पूर्ण उघडून ठोका देतो.

खरा फरक कळला तो नालीदार पत्र्यासारख्या कच्च्या रस्त्यावर. जुन्या शॉकवर अर्ध्या तासात गाडीची मागची बाजू सैल पडायची, वळणावर बाहेर सरकायची. सतत वरखाली होऊन शॉकमधलं तेल तापतं, पातळ होतं, त्यात फेस धरतो आणि मग स्प्रिंगला आवरणारं कुणी उरत नाही. मोनोट्यूबमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो. त्यामुळे तेल दाबाखाली राहतं, आणि नळी एकच असल्याने उष्णता थेट बाहेर जाते. आता त्याच रस्त्यावर दोन तासांनीही चाकं जमीन धरून असतात. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप पुन्हा करेन.

मागच्या स्प्रिंगांची निवड मात्र माझी चुकली. पुढे कधीतरी छतावर कॅरिअर, मागे जादा टाकी असं काय काय बसवायचं मनात होतं, म्हणून कायम 150 किलो जादा वजन धरून बनवलेल्या स्प्रिंगा घेतल्या. त्यातलं काहीच बसवलं नाही. रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर मागून उडायची. आई एकदा मागे बसली आणि उतरल्यावर एवढंच म्हणाली, "पूर्वीचीच बरी होती रे." मी चार महिने शॉकलाच दोष देत होतो. शेवटी सामानासकट गाडी वजनकाट्यावर नेली, आकडे बघितले आणि मागे हलक्या स्प्रिंगा घातल्या. शॉक तेच, गाडी मात्र वेगळी वाटायला लागली. वजन पेलते ती स्प्रिंग, तेव्हा आज गाडीत खरोखर जेवढं वजन आहे तेवढ्याचीच स्प्रिंग घ्या.

उंचीबरोबर इतर कामंही मागे लागतात. सलग ॲक्सलची गाडी उचलली की कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे असलेला कल, कमी होतो. माझी गाडी हमरस्त्यावर भरकटायला लागली, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना. ॲक्सलला सांगाड्याशी जोडणाऱ्या रेडियस आर्मला ऑफसेट बुश (भोक मध्यापासून बाजूला असलेले बुश) घातल्यावर ते थांबलं. ॲक्सल आणि सांगाडा यांना आडवा जोडणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल एका बाजूला सरकला होता, म्हणून ॲडजस्टेबल रॉड लावावा लागला. चाक पूर्ण लोंबकळत असताना ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे स्वतः वाकून बघा. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. आणि रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायला सांगा. माझ्याकडे ते गाडी जॅकवर असताना आवळले गेले, बुश पिळलेलेच राहिले आणि दोन महिन्यांत फाटले.

उंचीचा उपयोग? पोट दगडाला लागायचं ते कमी झालं, चढाच्या तोंडाशी पुढचा बंपर घासत नाही. पण डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा, आहे तिथेच आहे. ते फक्त मोठ्या टायरनेच वर जातं, तेही टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मंच. खोल चाकोरीत आजही जपूनच उतरतो. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे वळणावर गाडी थोडी जास्त झुकते, त्यामुळे घाटात वेग कमी ठेवतो.

किट घेण्याआधी एक करून बघा: कच्च्या रस्त्यावर टायरची हवा 20 पीएसआयच्या आसपास आणा, वेग कमी ठेवा आणि डांबरावर येताच पुन्हा भरा. गचक्यांचा मोठा भाग तिथेच जातो.

मोनोट्यूबची एकच धास्ती आहे. बाहेरच्या नळीला दगडाने पोचा आला की आतला पिस्टन अडकू शकतो. म्हणून दगडी वाटेवरून आल्यावर गाडीखाली सरकून चारही शॉकवरून हात फिरवतो. मागच्या आठवड्यात उजवीकडच्या मागच्या शॉकवर लांब ओरखडा लागला हाताला. पोचा नव्हता.